सपाट, पिळदार पोटासाठी काय खावे? सुरुवात घरच्या ताटापासून

कोलाडजवळच्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा चोवीस वर्षांचा. हंगामात कुंडलिका नदीवर राफ्टिंगच्या बोटीवर काम करतो आणि संध्याकाळी बाजारातल्या जिममध्ये जातो. त्याला आरशात ‘सिक्स पॅक’ दिसायला हवेत. वडील पन्नाशीचे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतात. हातपाय सडपातळ, पण शर्टाच्या बटणांवर ताण देणारे पोट. नुकतीच तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली आहे. मुलगा विचारतो, “पोट पिळदार करायला कोणती पावडर घेऊ?” वडील विचारतात, “पोट कमी करायला भात पूर्ण बंद करू का?” आणि आई विचारते, “मग मी एका घरात दोन स्वयंपाक करायचे का?”

हे घर उदाहरणादाखल घेतले आहे, पण तिन्ही प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतात. त्या तिघांचे उत्तर बरेचसे एकच आहे. मुलाला दिसायला हवे असलेले पोट आणि वडिलांना तब्येतीसाठी हवे असलेले पोट एकाच प्रकारच्या जेवणाने घडते. त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत आणि दोन वेगळे स्वयंपाकही लागत नाहीत. आपल्याकडे पूर्वीपासून असलेले वाल, कुळीथ, मासे, अंडी, ताक आणि पालेभाज्या ताटात योग्य प्रमाणात यायला हव्यात, आणि भाताचा डोंगर थोडा खाली यायला हवा.

पोटाचे ‘पॅक’ म्हणजे नेमके काय?

पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस म्हणतात. या स्नायूंना आडव्या, चिवट पट्ट्यांनी विभागलेले असते. चरबीचा थर पातळ असेल तर हे विभाग त्वचेखाली दिसतात. तेच ‘पॅक’.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

- हे स्नायू प्रत्येकाला असतात. ते दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर चरबीचा थर असतो.
- विभाग चार दिसतील, सहा की आठ, ते सरळ रेषेत असतील की तिरके, हे जन्मतःच ठरते. कोणताही आहार किंवा व्यायाम ते बदलू शकत नाही.
- पुरुषांमध्ये हे विभाग ठळक दिसायला शरीरातील चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरावी लागते. इतकी कमी चरबी निरोगी राहण्यासाठी आवश्यक नाही. स्त्रियांच्या शरीराला पाळी आणि गर्भधारणेसाठी जास्त चरबीची गरज असते, त्यामुळे त्यांनी हे उद्दिष्ट ठेवूच नये.

पोट सपाट आणि घट्ट असणे हे आरोग्याचे ध्येय आहे. पॅक दिसणे ही त्यापुढची हौस आहे. हौस असायला हरकत नाही, पण तिच्यासाठी तब्येत पणाला लावू नये.

हातपाय बारीक, तरी पोट का सुटते?

पोटावरची चरबी दोन ठिकाणी साठते. एक त्वचेखाली, जी चिमटीत पकडता येते. दुसरी पोटाच्या आत, यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांभोवती. ही आतली चरबी चिमटीत येत नाही, पण मधुमेह, उच्च रक्तदाब, फॅटी लिव्हर आणि हृदयविकार यांच्याशी तिचाच जास्त संबंध आहे.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे या विषयावर संशोधन केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. त्यात दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, सारखाच २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर दोघे सारखे, पण एकाच्या शरीरात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी.

याच संशोधनातून हेही पुढे आले की आपल्याकडची अनेक बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी असतात. म्हणून “माझे वजन तर साठच किलो आहे, मला कसली साखर?” हे म्हणणे आपल्याकडे धोक्याचे ठरते. वजन साठ किलो असले तरी त्यात स्नायू किती आणि पोटातली चरबी किती, हे महत्त्वाचे आहे.

आरसा आणि काट्यापेक्षा टेप बरी

घरात शिवणकामाची टेप असेल तर आजच कंबर मोजा.

१. सकाळी, काही खाण्यापूर्वी, सरळ उभे राहा.
२. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध टेप आडवी धरा.
३. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडून आकडा वाचा.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) ही धोक्याची रेषा मानली जाते. आणखी एक सोपी खूण म्हणजे कंबर आपल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. पँटचा नंबर म्हणजे कमरेचे माप नव्हे. बरेच जण पँट पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे पोट वाढते आणि नंबर तोच राहतो.

दर पंधरा दिवसांनी एकदाच मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज मोजून निराशाच पदरी पडते.

फक्त पोटाचे व्यायाम करून पोट का जात नाही?

रोज दोनशे क्रंचेस मारले की पोट वितळेल, असा समज आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पण पोटावरची चरबी काही कमी झाली नाही.

याचे कारण सोपे आहे. शरीर चरबी वापरते तेव्हा ती संपूर्ण शरीरातून काढते. कुठून आधी काढायची हे आपण ठरवू शकत नाही, आणि पुरुषांमध्ये पोटाच्या खालच्या भागावरची चरबी बहुधा सर्वांत शेवटी जाते.

पोटाचे व्यायाम निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. त्यांनी स्नायू घट्ट होतात आणि कंबरदुखी टळायला मदत होते. कोलाडला वेगळा व्यायाम शोधायलाही नको. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी सुटलेल्या पाण्यावर जे बोट चालवतात, त्यांचे प्रत्येक वल्हे फक्त हातातून नव्हे, तर पोट, पाठ आणि कमरेच्या स्नायूंतून येते. भातलावणी, लाकूडफाटा, कबड्डी यांतही हेच स्नायू राबतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस सर्व शरीराचा ताकदीचा व्यायाम (बैठका, जोर, वजन उचलणे) आणि रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे एवढे पुरे. बाकीचे काम ताट करते.

वजन कमी करताना स्नायू का वाचवायचे?

पोट कमी करायचे तर शरीराला लागते त्यापेक्षा थोडी कमी ऊर्जा पोटात जायला हवी. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी झाल्या तर बऱ्याच जणांचे आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरते. यापेक्षा घाई केली, म्हणजे एकच वेळ जेवणे किंवा आठवडाभर फक्त काकडी आणि सूप घेणे असे उपाय केले, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मग वजन उतरते, पण पोट लोंबते राहते, थकवा येतो आणि पूर्वीसारखे जेवू लागताच गेलेले वजन परत येते.

स्नायू वाचवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पुरेशी प्रथिने, ताकदीचा व्यायाम आणि झोप.

झोपेला बरेच जण मोजतच नाहीत. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जास्त वजनाच्या दहा जणांना तोच कमी कॅलरीचा आहार एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेच्या वेळेसह दिला. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले. पण कमी झोपेच्या दिवसांत चरबी कमी गेली आणि स्नायूंसारखा चरबीविरहित भाग जास्त गेला. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पाळीवरून आल्यावर खोलीत अंधार करून सलग झोप घेणे हा आहाराचाच भाग समजा.

प्रथिने किती लागतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे त्याच वजनाला ७८ ते १०४ ग्रॅम उपयोगी ठरतात. त्याहून जास्त खाऊन स्नायू अधिक वाढतात, असे सहसा दिसत नाही.

आपल्या ओळखीच्या पदार्थांतील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण असे आहे.

- एक अंडे: ६ ग्रॅम
- बांगडा किंवा इतर ताजे मासे, १०० ग्रॅम मांस: १८ ते २० ग्रॅम
- चिकन, १०० ग्रॅम कच्चे, हाडांशिवाय: २१ ते २३ ग्रॅम
- कोरडे वाल, कुळीथ, मूग किंवा तूर, ५० ग्रॅम: १० ते १२ ग्रॅम
- सुका जवळा किंवा सुके बोंबील, १५ ग्रॅम: साधारण ९ ग्रॅम
- शेंगदाणे, एक मूठ (३० ग्रॅम): ७ ग्रॅम
- दूध, २५० मिली: ८ ग्रॅम
- पनीर, ५० ग्रॅम: ९ ग्रॅम
- सोयाबीन वडी, ३० ग्रॅम कोरडी: १५ ग्रॅम
- शिजवलेला भात, एक मोठी वाटी (१५० ग्रॅम): ४ ग्रॅम

शेवटची ओळ पुन्हा वाचा. भात वाईट नाही. पण ताटात तीन वाट्या भात आणि त्यावर पातळ आमटीचे वरचे पाणी असेल, तर सहाशे कॅलरी पोटात जातात आणि प्रथिने जेमतेम बारा-पंधरा ग्रॅम मिळतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी इंडियाब सर्वेक्षणात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः भात, पोळी आणि साखरेतून येते असे आढळले. आपल्या सुटलेल्या पोटाचे एक मोठे कारण तिथे आहे.

नाचणीबद्दलही एक गैरसमज आहे. नाचणीत कॅल्शियम आणि तंतुमय पदार्थ भरपूर असतात, म्हणून ती जरूर खावी. पण प्रथिने तिच्यात तांदळाइतपतच असतात. नाचणीची भाकरी खाल्ली म्हणून डाळ-मासे टाळू नयेत.

ताटाची नवी मांडणी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी साधारण असे प्रमाण सांगितले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याने यात धान्य थोडे कमी आणि दुसरा गट थोडा जास्त केला की काम होते.

ग्रॅम मोजत बसायचे नसेल, तर ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी आणि कोशिंबीर, एक भाग डाळ-कडधान्य, मासे किंवा अंडी, आणि एक भाग भात किंवा भाकरी. वाढताना क्रमही बदला. आधी भाजी आणि उसळ वाढून घ्या, मग उरलेल्या जागेत भात. आधी भात वाढला की बाकीच्यांना जागाच उरत नाही.

६५ किलोच्या, व्यायाम करणाऱ्या तरुणाचा एक दिवस असा असू शकतो.

- सकाळी: दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी. चहा एकच कप, कमी साखरेचा.
- दहा-साडेदहाला: एक ग्लास दूध किंवा दोन ग्लास घट्टसर ताक, आणि एखादे फळ.
- दुपारी: वालाचे बिरडे (५० ग्रॅम कोरड्या वालांचे), बांगड्याचे कालवण किंवा तव्यावरचा बांगडा, एक मोठी वाटी भात, काकडी-कांद्याची कोशिंबीर.
- संध्याकाळी व्यायामाआधी: मूठभर शेंगदाणे-फुटाणे.
- रात्री: दोन भाकऱ्या, कुळथाचे पिठले, सुकटीची चटणी किंवा कांदा घातलेली सुकट, पालेभाजी.

यातून साधारण ८५ ते ९० ग्रॅम प्रथिने मिळतात. पावडरचा एकही चमचा लागत नाही. वडिलांसाठी हेच जेवण चालते. फक्त भाकरी दोनऐवजी एक किंवा दीड, आणि संध्याकाळचे खाणे भूक असेल तरच.

शाकाहारी घरात मासे-अंड्यांच्या जागी पनीर, दही, सोयाबीन वडी आणि कडधान्यांची दुसरी वाटी येते. श्रावणात किंवा पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात (पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै) ताजे मासे नसले, तरी वाल, कुळीथ, मूग आणि मटकी बारमाही असतात. त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या मिळतात. कमी कॅलरीत पोट भरायला त्यांच्यासारखे दुसरे नाही.

हिवाळ्यातील पोपटीही आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. ना पाणी, ना तेल. मित्रांसोबत केलेली पोपटी हे या आहारातील उत्तम जेवण आहे. बिघडते ते तिच्यासोबत घेतलेल्या बाटलीने.

नकळत पोट वाढवणाऱ्या गोष्टी

- तेल: एक मोठा चमचा (१५ ग्रॅम) तेल म्हणजे सुमारे १३५ कॅलरी. माशांची तुकडी तेलात बुडवून तळण्याऐवजी रवा लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा. पेणचे पापड तळण्याऐवजी भाजून घ्या. घरात महिन्याला किती तेल येते आणि माणसे किती, हा हिशेब एकदा मांडून पाहा.
- चहा: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर, सुमारे २०० कॅलरी. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जीभ सहज सरावते.
- नाक्यावरचे खाणे: एका वडापावात साधारण ३०० कॅलरी आणि प्रथिने नाममात्र. शिफ्टवर जाताना डब्यात दोन अंडी किंवा उसळ नेली तर नाक्यावर थांबावे लागत नाही.
- दारू: एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. साध्या बिअरच्या एका मोठ्या बाटलीत २५० हून अधिक, स्ट्राँगमध्ये त्याहून जास्त. शरीर आधी अल्कोहोल जाळते आणि तोवर चरबी जाळणे मागे पडते. वरचा चखणा वेगळाच.
- मीठ: मिठाने चरबी वाढत नाही, पण अंगात पाणी धरते आणि रक्तदाब वाढतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन वेळा धुवा. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली मासळी टाळावी.

आईचे ताट

बहुतेक घरांत सर्वांचे वाढून झाल्यावर आई जेवते. तोवर माशाची तुकडी संपलेली असते, उसळ तळाला गेलेली असते आणि उरतो तो भात आणि आमटी. म्हणजे घरात सर्वांत जास्त भात आणि सर्वांत कमी प्रथिने तिच्याच वाट्याला येतात. चाळिशीनंतर आणि पाळी थांबण्याच्या सुमारास स्त्रियांचे स्नायू कमी होऊ लागतात आणि चरबी पोटाकडे वळते. तेव्हा तर हे अधिकच नडते. मुलाच्या जिमसाठी घरात अंडी येऊ लागली असतील, तर त्यातील एक-दोन आईच्या ताटात गेलीच पाहिजेत. वाढण्यापूर्वी तिचा वाटा बाजूला काढून ठेवणे हा त्याचा सोपा उपाय आहे.

बाळंतपणानंतर पोट पुढे राहिले असेल, तर ती दरवेळी चरबी नसते. गरोदरपणात ते दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि काहींमध्ये ती फट राहते. अशा वेळी क्रंचेसने फुगवटा वाढू शकतो. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. स्तनपान सुरू असताना उपास आणि कडक डाएट करू नका.

पावडर, गोळ्या आणि इंजेक्शने

प्रोटीन पावडर म्हणजे दुधापासून किंवा सोयापासून वेगळे काढलेले प्रथिन. ते औषध नाही आणि जादूही नाही. २०२४ च्या राष्ट्रीय सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळावीत, असेच सांगितले आहे. जेवणातून खरोखरच भागत नसेल आणि घ्यायचीच असेल, तर सुटी, बिनलेबलची पावडर घेऊ नका. एफएसएसएआय परवाना क्रमांक, घटक आणि मुदत पाहा.

‘कटिंग’साठी किंवा ‘बॉडी लवकर दिसण्यासाठी’ दिली जाणारी इंजेक्शने मात्र वेगळी गोष्ट आहे. ती बहुधा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स असतात. त्यांनी वृषण आक्रसणे, शुक्राणू कमी होणे, पुरुषांमध्ये स्तन वाढणे, मुरुमे, चिडचिड, यकृताचे नुकसान, रक्तदाब आणि कमी वयात हृदयविकार होऊ शकतो. चरबी जाळण्यासाठी थायरॉइडच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या स्वतःहून घेणे जिवावर बेतू शकते. कोणी असे काही घेत असेल, तर त्याला रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे घेऊन जा आणि काय घेतले ते मोकळेपणाने सांगा. ही माहिती लपवल्याने उपचार चुकतात.

कोणी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा?

- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असलेले: भात अचानक कमी केला आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आहार आणि औषध एकत्र बदलावे लागते.
- मूत्रपिंडाचा आजार असलेले: प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील.
- युरिक अ‍ॅसिड वाढलेले किंवा गाउट असलेले: सुकी मासळी आणि मांसाचे प्रमाण विचारून घ्या.
- अठरा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया: वजन कमी करण्याचा आहार स्वतःहून सुरू करू नका.

पुढील लक्षणे असतील तर डाएट सुरू करण्यात वेळ घालवू नका, तपासणी करा: काही आठवड्यांत पोट झपाट्याने फुगणे, पायांवर सूज, डोळे पिवळे होणे, पोटात गाठ लागणे, खोकताना बेंबीजवळ किंवा जांघेत फुगवटा येणे, प्रयत्न न करता वजन घटणे, किंवा डाएट करताना पाळी बंद होणे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रात्री भात खाल्ला तर पोट वाढते का?*
भाताला घड्याळ कळत नाही. दिवसभरात एकूण किती खाल्ले, हे महत्त्वाचे. मात्र रात्री उशिरा, भरपेट जेवून लगेच झोपण्याची सवय टाळावी.

*रात्रपाळीत काय खावे?*
पाळीवर जाण्यापूर्वी नीट जेवा. मध्यरात्री लागल्यास अंडे, ताक, फुटाणे किंवा फळ असे हलके काही घ्या. पहाटेचे वडे-भजी आणि गोड चहा यांनीच कंबर वाढते. सकाळी हलका नाश्ता करून झोपा.

*गरम पाणी, लिंबू-मध किंवा जिऱ्याच्या पाण्याने चरबी वितळते का?*
नाही. साखरेच्या चहाऐवजी साधे जिऱ्याचे पाणी प्यालात तर साखर वाचते, तेवढाच फायदा. मध ही साखरच आहे.

*उपासाने फायदा होईल का?*
उपासाला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि गोड खाल्ले तर रोजच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी जातात. त्या दिवशी ताक, शेंगदाणे, फळे आणि दूध यांवर भर द्या.

*किती दिवसांत फरक दिसेल?*
कमरेचे माप साधारण सहा ते आठ आठवड्यांत कमी होऊ लागते. ठळक पॅक दिसायला अनेकांना कित्येक महिने लागतात आणि काहींना ते कधीच दिसत नाहीत. पण कंबर चार-पाच सेंटिमीटरने उतरली, जिना चढताना दम लागेनासा झाला आणि वडिलांची साखर सुधारली, तर आहार काम करतो आहे असे समजा.

आजपासून करायच्या पाच गोष्टी

१. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजून तारखेसह लिहा.
२. ताटात आधी भाजी आणि उसळ वाढा, भात शेवटी, एक वाटी.
३. प्रत्येक जेवणात एक प्रथिनांचा पदार्थ हवाच: वाल, कुळीथ, अंडे, मासे, पनीर किंवा दही.
४. चहाची साखर आणि महिन्याचे तेल मोजून कमी करा.
५. आईचे ताट आधी वाढा.

उद्याच्या बिरड्यासाठी वाल आज रात्रीच भिजत घालावे लागतात. सुरुवात तिथून करा.